सहा जनावरं, एक लाइन आणि शनिवार-रविवार

मागच्या अंकात बीव्हरच्या (ओढ्यावर बांध घालून पाण्यात घर करणाऱ्या, उंदराच्या जातीतल्या मोठ्या प्राण्याच्या) घरांबद्दल आणि इथल्या, म्हणजे कॅनडातल्या, ट्रॅपलाइनबद्दल लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. ट्रॅपलाइन म्हणजे फरसाठी सापळे लावायची रानातली ठरलेली वाट आणि तिच्या आजूबाजूचा नोंदलेला टापू, एवढं नव्या वाचकांनी लक्षात ठेवलं तरी पुरे. तीन पत्रांना उत्तरं देते आहे. पहिलं उत्तर लांबलंय, कारण प्रश्नच तसा आहे.

प्रश्न: आम्ही मूळचे नाशिकचे, आता उत्तर ओंटारिओत टिमिन्सला असतो. मी खाणीत इलेक्ट्रिशियन आहे. शेजारच्या आजोबांच्या नावावर सरकारी जमिनीवरची ट्रॅपलाइन आहे, पण त्यांचे गुडघे गेलेत. मी सक्तीचा कोर्स करून परीक्षा पास झालो आणि यंदा त्यांचा मदतनीस म्हणून परवाना काढला. लाइनवर मार्टन, फिशर, मिंक (तिन्ही मुंगसासारखी लांबट, मांसाहारी), बीव्हर, पाणमांजर आणि लिंक्स (उत्तरेतलं मोठं रानमांजर) अशी सहा जनावरं आहेत. शेडमध्ये सापळ्यांचा ढीग आहे. मला मात्र शनिवार-रविवारच मोकळे. सगळ्यांसाठी एकत्र लाइन कशी आखू? आजोबांना विचारलं की म्हणतात, “चालायला लाग, कळेल.”

आजोबांचं खरं आहे, पण त्यांनी चालण्यात उभा जन्म घातलाय आणि तुमच्याकडे आठवड्याचे दोन दिवस आहेत. त्यातही डिसेंबरात तुमच्याकडे उजेड जेमतेम सव्वाआठ तास.

शेडमधला ढीग आधी डोक्यातून काढा. नवीन माणूस सापळे मोजतो, ते नकाशावर पसरतो आणि मग सगळे बघत फिरायचे कसे याचा विचार करतो. तुम्ही उलटीकडून या. रविवारी रात्री अंथरुणाला पाठ टेकण्याआधी किती कातडी सोलून ताणायच्या फळीवर चढतील, तो आकडा आधी ठरवा. मार्टनचं काम हात बसल्यावर पटकन होतं. मागच्या पायांपाशी चिरा द्यायच्या आणि मोजा उलटा काढावा तसं कातडं डोक्याकडे ओढत न्यायचं. बीव्हर म्हणजे वेगळाच खेळ. त्याचं कातडं पोटावरून उघडं चिरतात आणि चरबी तर अशी चिकटलेली असते की बोटभर जागा साफ करतानाही सुरी वाकडी गेली तर भोक पडतं. सोलणं, चरबी तासणं, प्लायवुडवर लंबगोल आखून खिळ्यांनी ताणणं, यात नवशिक्याचे दोन-अडीच तास सहज जातात. लांबी-रुंदीची बेरीज ६५ इंचांच्या वर गेली की त्या कातड्याला ‘ब्लँकेट’ म्हणतात आणि भाव त्यालाच. असे चार बीव्हर एका शनिवारी हाती लागले तर तुमचा रविवार संपला. तासायचं राहिलेलं कातडं गरम शेडमध्ये बुधवारपर्यंत पडलं तर केस सुटतात. मग ते जनावर फुकट गेलं असं मी म्हणते, आणि या कामात त्याहून वाईट काही नाही.

दुसरी गोष्ट, सापळे किती वेळा बघता येतील. जिवंत धरून ठेवणारा सापळा रोज बघायचा म्हणजे बघायचाच. तुम्हाला ते जमणार नाही, म्हणून तसले सापळे शेडमध्येच राहू देत. कोल्ह्याचा विचारही त्याबरोबर गेला. उरले मारक सापळे, ज्यांना इथे सगळे अजून ‘कोनिबेअर’ म्हणतात, कारण फ्रँक कोनिबेअर नावाच्या कॅनडातल्याच ट्रॅपरनं ते शोधले. तेही आठवड्याच्या वर सोडू नका. सापळा आत बसवलेल्या लाकडी पेटीत मरून पडलेल्या मार्टनची फर उंदीर आणि चिचुंद्र्या कुरतडतात, आणि पाठीवर रुपयाएवढा जरी तुकडा गेला तरी लिलावात ते कातडं खालच्या ढिगात जातं. मधल्या वारी एखादी फेरी आजोबा स्नोमोबिलवरून मारू शकतात का, विचारा. वाटेला लागून असलेल्या पेट्या त्यांच्या वाट्याला ठेवा. गुडघे गेलेत, नजर गेली नाही ना?

आता नकाशा. १:५०,००० चा कागदी नकाशा घ्या, फोनवरचा नको, बॅटरी उणे तीसमध्ये मान टाकते. ऑक्टोबरात पानं गळल्यावर ओढे-तळी फिरा आणि बीव्हरचं कोणतं घर चालू आहे ते नोंदवा. नुसतं घर बघून काही कळत नाही, ओसाड घरंही वर्षानुवर्षं उभी असतात. खूण बघायची ती चाऱ्याच्या साठ्याची. घराशेजारच्या पाण्यात पॉप्लर, विलो, भूर्ज यांच्या ताज्या तोडलेल्या फांद्या खुपसलेल्या दिसतात, त्यांची टोकं पाण्यावर येतात. ताजा साठा दिसला की तिथे एक कुटुंब आहे असं धरा. कुटुंबात नर-मादी, मागच्या वर्षीची पोरं आणि यंदाची पिल्लं असतात. ज्यांच्या लाइनवर मी मदतनीस म्हणून शिकले ते ओजिब्वे (इथल्या आदिवासी समाजातले) आजोबा एका घरातून एक, फार तर दोन काढून पुढे सरकायचे. सरकारनं ठरवून दिलेला कोटा शिल्लक असला तरी.

पाण्याच्या रेषा झाल्या की जुन्या सूचिपर्णी जंगलाचे पट्टे रंगवा. मार्टन तिथे असतो, विशेषतः पडलेल्या ओंडक्यांचा पसारा असेल तिथे, कारण हिवाळ्यात तो बर्फाखालच्या पोकळ्यांत उंदीर शोधतो. फिशर अंगानं जड, मऊ खोल बर्फात त्याचे हाल होतात, म्हणून तो कमी बर्फाच्या, मिश्र झाडांच्या उतारावर जास्त दिसतो. साळिंदराची विष्ठा आणि सोललेल्या साली दिसल्या की फिशरची शक्यता धरा, साळिंदर मारण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. मिंक ओढ्याकाठीच सापडेल, जिथे किनाऱ्याची माती खचून पोकळी झाली आहे तिथे. हे सगळं एका कागदावर आलं की तुम्हाला दिसेल की ओढा आणि स्प्रूसचा पट्टा तीन-चार ठिकाणी एकमेकांना भिडतात. तुमची लाइन तिथे आहे. दर अर्ध्या किलोमीटरला एक पेटी ठोकत जाणारे लोक मी पाहिलेत. अंतर सारखं ठेवल्यानं जनावर तिथून जाईलच असं नाही.

सहा जनावरं एकाच वेळी धरायची नसतातच. ती एकामागून एक येतात, आणि एकाचं उरलेलं दुसऱ्याला लागतं. हंगामाच्या तारखा तुमच्या विभागाच्या यंदाच्या पत्रकात बघा, मी सांगते तो क्रम. पाणी उघडं असताना एक-दोन बीव्हर घ्या. तेव्हा त्यांची फर सर्वोत्तम नसते, ती हिवाळ्याच्या उत्तरार्धात होते, पण तुम्हाला हवं असतं मांस. मार्टन आणि फिशर दोघांनाही बीव्हरच्या मांसासारखं आमिष नाही, आणि शेपटीजवळच्या ग्रंथींतलं कॅस्टर लिंक्सपासून मिंकपर्यंत सगळ्यांना खेचतं. याच दिवसांत ओढ्यावर मिंक, त्याची फर नोव्हेंबरात तयार असते. पहिला टिकणारा बर्फ पडला की मार्टन. ख्रिसमसच्या आसपास मार्टन आवरता घ्यायचा आणि बर्फाखालच्या बीव्हरकडे वळायचं. पाणमांजर त्याच पाण्यात येतं, त्याच्यासाठी वेगळी वाट लागत नाही.

गोंधळ होतो तो जिथे दोन जनावरांची वाट एक असते तिथे, आणि आखणीतलं खरं डोकं तिथेच लागतं. मार्टनसाठी लावलेल्या लहान सापळ्यात फिशर घुसला तर तो नीट मरत नाही, म्हणून ज्या पट्ट्यात फिशरच्या खुणा आहेत तिथे दोघांसाठीही प्रमाणित असलेला सापळाच लावा. असे सापळे मिळतात. फर इन्स्टिट्यूट ऑफ कॅनडाची यादी असते, त्यात सापळ्यापुढे जनावराचं नाव लिहिलेलं असतं. शेडमधला प्रत्येक सापळा त्या यादीशी ताडून बघा. यादीत नसेल तो भिंतीवर शोभेला टांगा. पाण्यात ३३० नंबरचा मोठा चौकोनी सापळा बीव्हर आणि पाणमांजर दोघांना लागतो. पाणमांजराचा कोटा भरला असेल तर बीव्हरच्या बांधावरच्या घसरवाटेवर सापळा ठेवूच नका, तो त्यांचा हमरस्ता. घराजवळ बर्फाखाली ताज्या पॉप्लरच्या फांदीचं आमिष लावा, मासेखाऊ पाणमांजराला तिचं काय पडलंय? शिवाय सापळा सुटवणारी घोड्याची तार मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवा. रुंद बीव्हर तिला धडकतो, सडपातळ पाणमांजर शेजारून निघून जातं.

पेटी जमिनीवर ठेवू नका. झाडाला तिरका दांडा टेकवून त्यावर, छातीच्या उंचीला. फेब्रुवारीतही ती बर्फाबाहेर राहते आणि माणसांच्या वाटेवरून जाणारा कुणाचा कुत्रा त्यात तोंड घालत नाही. कुत्रा सापडल्याची एक बातमी पसरली की गावातले सगळे ट्रॅपर महिनाभर तोंड लपवतात.

बर्फाबद्दल दोन वाक्यं, कारण ती जिवाची आहेत. चालायला किमान १० सेंटिमीटर स्वच्छ निळा बर्फ हवा आणि पांढऱ्या, दुधी बर्फाची ताकद निम्मीच धरायची. तळ्यावर सगळीकडे हात-दीड हात बर्फ असला तरी बीव्हरच्या घराच्या तोंडाशी तो पातळ असतो, कारण ती सारखी ये-जा करतात आणि पाणी हलतं राहतं. गंमत अशी की तुम्हाला जायचं असतं नेमकं तिथेच. म्हणून पहार घेऊन चाला, प्रत्येक पावलाआधी पुढे टोचा. आवाज बदलला की थांबा. वरचा भुसभुशीत बर्फ हातमोज्यानं झाडलात तर खाली काचेत अडकलेले पांढरे बुडबुडे रांगेनं दिसतील, घरापासून चाऱ्याकडे गेलेले. बीव्हरनं पोहताना सोडलेली हवा गोठते ती. त्या रांगेवर भोक पाडा, इकडेतिकडे दहा भोकं पाडत बसायला नको.

मार्टन कधी थांबवायचा हे कोटा सांगत नाही, कवटी सांगते. सोलून झाल्यावर डोक्यावरचे दोन्ही बाजूंचे जबड्याचे स्नायू बघा. कोवळ्या जनावरात ते मधोमध भेटत नाहीत, त्यांच्यात फट असते. वय वाढतं तसे ते माथ्यावर जुळत जातात, आणि जुन्या नरात तर तिथे हाडाची कडाच उठते. प्रत्येकाची नोंद करा: नर की मादी, कोवळा की जुना. सुरुवातीला कोवळे नर जास्त येतात, ते भटके असतात. जुन्या माद्या येऊ लागल्या, एका जुन्या मादीमागे तीन कोवळीही भरेनात, की त्या पट्ट्यातल्या पेट्या त्याच दिवशी बंद. कोटा अर्धा उरला असला तरी. आणि लाइनचा एक तुकडा, चांगला जुन्या जंगलाचा, दरवर्षी अजिबात न छेडता सोडा. पुढच्या वर्षीचे मार्टन तिथूनच पसरतात.

लिंक्स यंदा सोडून द्या. तो सशांवर जगतो आणि इथले ससे साधारण दहा वर्षांच्या चक्रात वाढतात, कोसळतात. हे ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या जुन्या जमाखर्चातले कातड्यांचे आकडे काढून १९४२ मध्ये दाखवलं, ट्रॅपरना ते आधीपासून माहीत होतंच. ससे पडल्यावर लिंक्सची पिल्लं जगत नाहीत. अशा वर्षांत उरलेले मोठे लिंक्स काढले तर पुढची भरती कुठून येणार? तुमच्या टापूत ससे चढतायत की उतरतायत, हे एका हिवाळ्यात कळत नाही. यंदा फक्त सशांच्या वाटा मोजा, वहीत ठेवा.

म्हणजे पहिल्या हिवाळ्यात मार्टन, मिंक आणि बीव्हर. फिशर, पाणमांजर आले तर नीट हाताळता येतील अशी तयारी. बस.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाही. टिमिन्सचा मुलूख १९०५-०६ मध्ये सरकारनं आदिवासींशी केलेल्या नवव्या कराराच्या भूमीत येतो. नोंदणीकृत लाइनची पद्धत ब्रिटिश कोलंबियानं १९२६ मध्ये आणली, ओंटारिओत ती त्यानंतर आली, आणि नोंदणी होताना कित्येक आदिवासी कुटुंबांच्या पिढ्यांच्या वाटा दुसऱ्यांच्या नावावर गेल्या. तुमच्या लाइनवर आधी कोण फिरत होतं ते आजोबांना विचारा. त्या घरचं कोणी जवळपास असेल तर हंगामाआधी जाऊन भेटा, बीव्हरचं मांस नेऊन द्या. पाण्याबद्दल ते जे सांगतील ते नकाशात नाही.

प्रश्न: मागच्या अंकातला तुमचा लेख वाचून वाईट वाटलं. मुक्या प्राण्यांना सापळ्यात मारायचं आणि वर निसर्गप्रेमाच्या गोष्टी सांगायच्या, हे कसं जमतं? — एक वाचक, कोल्हापूर

वाईट वाटलं ते योग्यच. मी तुमची समजूत घालणार नाही, माहिती देते.

कॅनडा, युरोपीय संघ आणि रशिया यांच्यात १९९७ मध्ये सापळ्यांच्या मानकांचा करार झाला. युरोपनं त्याआधी, १९९१ मध्ये, पाय पकडणाऱ्या सापळ्यांवर बंदीचा कायदा केला होता आणि तसे सापळे वापरणाऱ्या देशांची फर घ्यायची नाही अशी भूमिका घेतली होती, त्या दबावातून हा करार निघाला. त्यानुसार मारक सापळ्यानं जनावर ठराविक वेळात बेशुद्ध व्हायला हवं. लहान वीझलसाठी ४५ सेकंद, मार्टनसाठी १२० आणि बीव्हर, पाणमांजर, लिंक्स वगैरेंसाठी ३००. तेही चाचणीतल्या निदान ८० टक्के जनावरांच्या बाबतीत. चांगले सापळे याहून खूप जलद काम करतात, पण मर्यादा ३०० सेकंदांची आहे, म्हणजे पाच मिनिटं. “क्षणात मरतं, कळतही नाही,” असं म्हणणाऱ्या ट्रॅपरवर मी विश्वास ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नका.

मग मी का करते? मला हे काम येतं, मी त्याचं मांस खाते आणि कातडं वापरात जातं. बीव्हर रस्त्याखालची मोरी तुंबवतात तेव्हा इथली पालिका कुणाला तरी पैसे देऊन त्यांना मारूनच टाकते, बहुतेकदा उन्हाळ्यात, जेव्हा फर कुचकामी असते आणि पिल्लं घरात असतात. त्यापेक्षा हिवाळ्यात मोजून काढलेले बरे, असं माझं मत. हा युक्तिवाद तुम्हाला पटलाच पाहिजे असं नाही. माझ्या धाकट्या जाऊबाईंना तो आजवर पटलेला नाही आणि त्या माझ्याकडे आल्या की शेडच्या दिशेनं फिरकत नाहीत.

एक मात्र ठासून सांगते, कारण काही पत्रांत कोकणातल्या उदमांजरांबद्दल आणि शेतातल्या रानडुकरांबद्दल “तुमची युक्ती सांगा” असं आलंय. सांगणार नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्यप्राण्याला फासात किंवा सापळ्यात पकडणं हीसुद्धा शिकारच आहे. डुकरासाठी शेताच्या कडेला लावलेल्या क्लच वायरच्या फासात बिबट्या कमरेत अडकून मरतो. पिकाचं नुकसान झालं असेल तर पंचनामा करून वनविभागाकडे भरपाई मागा, आणि डुकरांचा उच्छाद फार असेल तर तेही त्यांनाच लेखी कळवा. इथल्या लाइनचा तिथे काही उपयोग नाही.

प्रश्न: मी मिसिसागाला असतो. यंदा सोलापूरला वडिलांसाठी फरची टोपी न्यावी म्हणतो. चालेल का?

टोपी कोणत्या फरची आहे त्यावर आहे. लिंक्स आणि पाणमांजर ही दोन्ही साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, देशाबाहेर नेताना परवाना लागू शकतो आणि विमानतळावर “मला माहीत नव्हतं” चालत नाही. मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कातड्यांची आयात भारतानं जानेवारी २०१७ मध्ये बंद केली. बीव्हर आणि मस्करॅट (पाणथळीतला मोठा उंदीर) यांत बसत नाहीत, तरी दुकानातून फरचं नाव लिहिलेली पावती घ्या आणि निघण्याआधी भारतीय कस्टम्सला लेखी विचारा.

आणि वडिलांनाही विचारा. सोलापुरात बीव्हरची टोपी घालण्याएवढी थंडी कोणत्या महिन्यात पडते?